तडा एकीकडे, कारण दुसरीकडे: सांगलीतील फायबर-बॉडीच्या एका डॉल्फिनचे प्रकरण

हे प्रकरण फायबरग्लासची बॉडी असलेल्या एका जुन्या सनराइज डॉल्फिन मोटारीचे आहे. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात ती सांगलीवाडीतील एका शेडमध्ये बुडाली, त्यानंतर तीन वर्षे जागची हलली नाही आणि २०२२ च्या दिवाळीनंतर कुपवाड एमआयडीसीतील आमच्या शेडमध्ये दुरुस्तीला आली. काम पंधरा महिने चालले. त्यातील निम्म्याहून अधिक वेळ बाहेरून न दिसणाऱ्या गोष्टींत गेला, आणि हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवण्याचे कारणही तेच आहे. पत्र्याच्या गाडीत जिथे गंज दिसतो तिथेच बहुधा दुखणे असते. फायबरच्या गाडीत तडा जिथे दिसतो तिथे त्याचे कारण क्वचितच सापडते, आणि हे उमगण्याआधी या गाडीवर दोन वेळा पैसे खर्च होऊन ते वाया गेले होते.

गाडी आणि तिची परिस्थिती

डॉल्फिन ही बंगळूरच्या सनराइज ऑटोमोटिव्ह इंडस्ट्रीजने १९८२ मध्ये बाजारात आणलेली दोन दारांची छोटी गाडी. तिचा आधार होता इंग्लंडमधील टॅमवर्थ येथील रिलायंट कंपनीची किटन ही गाडी, जिचे उत्पादन १९७५ ते १९८२ या काळात झाले. खाली पोलादी चासी, वर फायबरची बॉडी, पुढे ८४८ सीसीचे चार सिलिंडरचे ॲल्युमिनियम इंजिन आणि मागच्या चाकांना गती, अशी तिची रचना आहे. याच कंपनीने पुढे चार दारांची मोंटाना काढली. पण १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली आणि फायबरच्या गाडीकडे वळून पाहणारा ग्राहक फारसा उरला नाही.

इंग्लंड-अमेरिकेत फायबरच्या बॉडीला एक वेगळे घराणे लाभले. तिथे लोक सुटे भाग विकत आणून घरच्या गॅरेजात गाडी जोडत. लोटस सेव्हन १९५७ पासून अशी सुट्या भागांत मिळत असे, कारण तयार गाडीवर लागणारा खरेदी-कर सुट्या भागांवर लागत नव्हता. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला आणि ती सवलत संपली. फोक्सवॅगनच्या बीटल मोटारीच्या तळावर बसणारी मायर्स मँक्स ही बग्गीही त्याच घराण्यातली. आपल्याकडे घरी गाडी जोडण्याची ही रीत कधी रुजली नाही, परंतु डॉल्फिनच्या दुरुस्तीला लागणारी समज मात्र तीच आहे. चासी ही एक वस्तू आणि बॉडी ही दुसरी. दोन्हींना जोडणारे असतात फक्त बोल्ट.

आमच्याकडे आलेली गाडी १९८४ ची नोंदणी असलेली होती. मालक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वय पंचाहत्तरीच्या पुढचे. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. १९९८ नंतर ती शेडमध्ये उभी होती. महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट धरली जाते. सांगलीवाडी पुलाच्या पलीकडच्या काठावर असल्यामुळे शेडमध्ये पाणी छपराला टेकले. या मापाच्या गाडीचे वजन जेमतेम पाचशे किलोंच्या आसपास भरते. त्यामुळे बुडण्याआधी ती तरंगली, आणि पाणी उतरल्यावर तिचे उजवे मागचे चाक म्हशीच्या गव्हाणीच्या कठड्यावर व उरलेली तीन चाके जमिनीवर, अशा अवस्थेत सापडली. घरच्यांना तेव्हा घर आवरायचे होते, गाडीकडे बघायला कोणाला सवड नव्हती. ती तशीच तिरपी तीन वर्षे राहिली, आणि त्या दरम्यान २०२१ च्या जुलैत पुन्हा एकदा तिच्यात पाणी शिरले. पुढे सांगितलेल्या बहुतेक अडचणींचे मूळ या गव्हाणीत आहे, हे आम्हाला कळायला दोन महिने लागले.

पहिली पाहणी

गाडी धुतल्यावर ती आश्चर्य वाटावे इतकी चांगली दिसत होती. पत्र्याची गाडी दोन पुरांत भिजून तीन वर्षे पडून राहिली असती, तर तिची दारे खालून चाळणीसारखी झाली असती. इथे रंग उडालेला, बोनेटच्या कोपऱ्यांवर आणि उजव्या दाराच्या बिजागरीभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे, मागचा उजवा कोपरा फुटलेला, एवढेच दिसत होते. मालकांचे म्हणणे होते की फुटलेला भाग भरून घ्यावा, रंग द्यावा आणि गणपतीपर्यंत गाडी बाहेर काढावी. आमचे रंगकाम करणारे मिस्त्रीही त्याच मताचे होते.

फायबर गंजत नाही ही गोष्ट खरी आहे, पण तिच्यामुळे माणूस बेसावध होतो, कारण गंजणारे सगळे त्याच्या आडोशाला असते. गाडी उचलून घोड्यांवर घेतली आणि चासीवर जागोजागी पेचकसाचे टोक दाबून पाहिले. मधल्या दोन लांब पट्ट्या ठणठणीत निघाल्या. मात्र बॉडीचा भार पेलण्यासाठी चासीतून बाजूला निघालेले जे हात असतात, त्यांपैकी उजवीकडच्या मागच्या हातात पेचकस मुठीपर्यंत आत गेला. त्याच्या पोकळीत पुराचा गाळ साचून वाळला होता. तो दर पावसाळ्यात हवेतला ओलावा धरून ठेवत असणार.

बॉडीची तपासणी कानाने केली. नाण्याने टिचकी मारत गेले की धड फायबर कडक वाजते आणि ज्या ठिकाणी थर सुटलेले असतात किंवा जाड लांबी (खड्डे बुजवण्याची पुट्टी) भरलेली असते, त्या ठिकाणी आवाज बसका येतो. उजव्या बिजागरीपाशी आवाज इतका बसका होता की तेथे खरवडून पाहिले, आणि अकरा मिलिमीटर जाडीची लांबी निघाली. तिच्यात दोन वेगळ्या रंगांचे थर होते. म्हणजे हाच तडा पूर्वी दोनदा भरला गेला होता आणि दोन्ही वेळा परत उमटला होता. ज्यांनी भरला त्यांचे हात वाईट नव्हते, लांबी सफाईने ओढलेली होती. त्यांनी प्रश्न चुकीच्या जागी सोडवला होता.

ओलावा हा दुसरा मुद्दा. फायबरच्या बाहेरच्या बाजूला असतो तसा जेलकोट, म्हणजे रेझिनचा कडक गुळगुळीत थर, आतल्या बाजूला नसतो. तेथे काचेच्या धाग्यांची टोके उघडी पडलेली असतील, तर पाणी केशाकर्षणाने थरांमध्ये शिरते आणि वरून कोरडी दिसणारी बॉडी आतून ओली राहते. ओल्या फायबरवर नवा थर धरत नाही. ओलावा मोजण्याचे यंत्र आमच्याकडे नव्हते. म्हणून बोनेट काढून हरिपूर रस्त्यावरच्या ओळखीच्या हळद व्यापाऱ्याच्या काट्यावर दर सोमवारी नेऊन वजन करण्याची रीत ठरवली, आणि लागोपाठ तीन सोमवार वजन बदलले नाही तेव्हाच फायबरचे काम सुरू करायचे असे ठरले. व्यापाऱ्याच्या हमालांना याची फार मौज वाटे. बोनेट स्थिर व्हायला सात आठवडे लागले. बाकीची बॉडी त्याच शेडमध्ये, त्याच वाऱ्यात होती, त्यामुळे तिलाही तेच वेळापत्रक लावले.

दार का लागत नव्हते

उजव्या दाराची वरची मागची कड चौकटीबाहेर नऊ मिलिमीटर राहत होती आणि खालची कड उंबऱ्याला घासत होती. मिस्त्रींनी सुचवले की खालची कड ग्राइंडरने काढावी, वरच्या फटीत मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) भरून चौकट बाहेर घ्यावी, म्हणजे दोन दिवसांत दार लागेल. पत्र्याच्या गाडीत अशी तडजोड सर्रास होते. पण या गाडीचे दार १९८४ मध्ये लागत होते आणि दाराचा आकार त्यानंतर कोणी बदललेला नव्हता, तेव्हा बदलले असेल ते दुसरेच काही असणार, असा विचार करून आम्ही ग्राइंडर बाजूला ठेवला.

चासीचे माप घेण्यासाठी गवंड्याची साधने पुरली. चासीवरच्या सारख्या भोकांमधून ओळंबा सोडून सिमेंटच्या जमिनीवर खडूने खुणा केल्या, गाडी बाजूला ढकलली आणि खुणांमधले दोन कर्ण टेपने मोजले. ते तेरा मिलिमीटरने वेगळे निघाले. पाण्याच्या पारदर्शक नळीने पातळी पाहिली, तेव्हा बॉडी पेलणाऱ्या हातांपैकी उजवा मागचा अकरा मिलिमीटर खाली आलेला दिसला. आता गव्हाणीचा अर्थ लागला. तीन वर्षे गाडी तीन चाकांवर आणि एका कठड्यावर पीळ देऊन उभी होती, कुजलेला हात त्या भाराने वाकला, आणि त्याला बोल्टने जखडलेली बॉडी त्याच्यामागून खाली गेली. पॉलिएस्टर रेझिनचे, म्हणजे काचेचे धागे धरून ठेवणाऱ्या त्या द्रव्याचे, फायबर दीर्घकाळच्या भाराखाली हळूहळू आपला आकार सोडते, आणि पत्र्याच्या छपराखालचा उन्हाळा त्या क्रियेला हातभारच लावतो. दार जसेच्या तसे होते, वाकडी झाली होती ती चौकट.

चासी सरळ करण्यासाठी बॉडी उचलणे भाग होते, आणि येथे माझ्याकडून चूक झाली. फायबरची बॉडी चासीवरून सुटली की तिच्यात स्वतःचा ताठपणा फारसा उरत नाही, म्हणून उचलण्यापूर्वी दारांच्या पोकळीत लोखंडी नळ्यांचा आडवा-तिरपा आधार बसवायचा असतो. उजव्या बाजूला तो बसवला. डावे दार नीट लागत असल्यामुळे तेथे गरज नाही असे मी ठरवले. चार माणसांनी बॉडी उचलून बाजूच्या घोड्यांवर ठेवली आणि डाव्या पोकळीची रुंदी पाच मिलिमीटरने वाढली. नंतर तेथे टर्नबकल (फिरवून ताणायचा पेच) लावून रोज अर्धा फेरा याप्रमाणे ती दोन आठवड्यांत मूळ मापावर आणावी लागली. एकदम ओढले असते तर छपराच्या कोपऱ्यात तडा गेला असता.

कुजलेला हात कापून त्याच मापाचा, त्याच जाडीचा आणि त्याच जागी नवा हात वेल्ड केला. जाड पट्टी लावून तो अधिक मजबूत करण्याचा मोह होता, परंतु तो टाळण्यामागे कायद्याचा मुद्दाही होता, जो पुढे येईल. पोकळ्यांना तळाशी निचऱ्याची भोके पाडली, आतून जस्तयुक्त प्रायमर आणि त्यावर मेणाचा फवारा मारला. कर्णांतला फरक दोन मिलिमीटरवर आला.

बॉडी परत ठेवताना एकही बोल्ट न आवळता तिला दोन दिवस नुसती चासीवर बसू दिली. मग प्रत्येक बोल्टापाशी बॉडी आणि चासी यांच्यात किती फट राहते ते फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजले. एका ठिकाणी ती चार मिलिमीटर होती. पूर्वी कोणीतरी तो बोल्ट आवळून फट बंद केली असणार, आणि तो बोल्ट नेमका उजव्या बिजागरीच्या खांबाखाली होता. दोनदा भरूनही परत आलेल्या तड्याचे बरेचसे उत्तर तेथे मिळाले. बोल्ट आवळल्यावर फायबर खाली खेचले जाई, तो ताण बिजागरीच्या कोपऱ्यात गोळा होई आणि वरचा कडक जेलकोट आधी तडके. आम्ही फटीच्या मापाचे रबराचे तुकडे कापून बसवले. त्यासाठी साखर कारखान्यातून भंगारात निघालेला कन्व्हेअर बेल्ट वापरला, जो कापडाच्या थरांमुळे दबत नाही. बोल्ट सर्व बाजूंनी थोडे थोडे आवळत आणले. उजवे दार त्या संध्याकाळी, कोठेही घासल्याविना, दीड मिलिमीटरच्या फरकाने लागले. मिस्त्रींनी ते चार वेळा उघडून लावून पाहिले आणि काही न बोलता चहा सांगितला.

फायबरचे काम

हे काम मिरजेच्या एका कारागिराने केले, जो एरवी मूर्तींचे साचे आणि पाण्याच्या टाक्या बनवतो. मॅटमधून बुडबुडे काढण्याच्या रोलरवर त्याचा हात असा बसलेला होता की मी त्याला शिकवण्यासारखे काही नव्हते. मतभेद झाला तो मोजमापावर. पॉलिएस्टर रेझिनला घट्ट करणारा हार्डनर साधारण एक ते दोन टक्के लागतो, आणि तो हे प्रमाण बाटलीच्या टोपणाने, अंदाजाने ठरवत असे. “साहेब, टाकीला काय, चालतं,” असे त्याचे म्हणणे होते आणि टाकीपुरते ते बरोबरही होते. पण मार्चच्या दुपारी त्याच अंदाजाने कालवलेला एक डबा पाच मिनिटांत धुरकटला आणि हातात धरवेना. रेझिन घट्ट होताना स्वतः उष्णता सोडते. जितका जाड साठा आणि जितकी गरम हवा, तितकी ती साठत जाते, आणि असा थर नंतर ठिसूळ होऊन तडकतो. त्यानंतर सोनाराचा नव्हे पण मिठाईवाल्याचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त रेझिन एका वेळी कालवायचे नाही, हार्डनर एक टक्का, आणि काम सकाळी सहा ते नऊ, असा नियम केला. वेग वाढवणारे कोबाल्टचे द्रावण रेझिनमध्ये आधी पूर्ण मिसळून मगच हार्डनर घालायचा. ही दोन द्रव्ये एकमेकांत थेट ओतली तर भडका उडतो, म्हणून त्यांच्या बाटल्या शेडच्या दोन टोकांना ठेवल्या.

तडे बुजवण्याची पद्धत अशी होती. वरून तडा इंग्रजी व्ही अक्षरासारखा खरवडून पोकळ केला, पण ताकद भरली ती आतल्या बाजूने. आतला भाग चाळीस नंबरच्या पेपरने खरखरीत करून ॲसिटोनने पुसला, कारण जुने पॉलिएस्टर नव्याशी रासायनिक नव्हे तर केवळ खरखरीतपणाच्या पकडीने जोडले जाते. जेथे आरपार फुटलेले होते तेथे कडांना जाडीच्या बारापट रुंदीचा उतार दिला. तीन मिलिमीटर जाडीला साधारण छत्तीस मिलिमीटर. त्या उतारावर ४५० ग्रॅमच्या मॅटचे थर, आधी लहान मग मोठा, असे बसवले. रेझिनसह असा एक थर सुमारे एक मिलिमीटर भरतो. एका वेळी दोनच थर घेतले. मागचा उजवा कोपरा तर डाव्या कोपऱ्यावरून साचा घेऊनही करता आला नसता, कारण तो आरशातल्यासारखा उलटा आला असता. म्हणून फुटलेले तुकडे गोळा करून ते बाहेरून पत्र्याच्या पट्ट्यांनी व स्क्रूंनी जागेवर धरले आणि आतून जोडले. पुराच्या गाळात मालकांच्या नातवाने शोधलेल्या एका तुकड्याशिवाय तो कोपरा जमला नसता.

घासकामाची धूळ हा स्वतंत्र त्रास आहे. काचेची बारीक कुसळे कातडीत शिरून दोन दिवस खाज सुटते आणि फुफ्फुसात गेली तर त्याहून वाईट. ओला पेपर, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि चांगला मास्क यांना पर्याय नाही. हात आधी थंड पाण्याने धुवायचे, ही त्या कारागिराची सूचना मात्र आम्ही निमूटपणे पाळली.

रंगाबाबत मालकांची इच्छा गडद तपकिरीची होती. आम्ही विरोध केला. सांगलीच्या उन्हात गडद रंगाची बॉडी फिक्या रंगापेक्षा बरीच अधिक तापते, रेझिन मऊ पडते आणि काही महिन्यांत मॅटच्या धाग्यांची नक्षी रंगावर उमटू लागते. आरसी बुकात मूळ रंग हस्तिदंती होता, तोच ठेवला. नवे थर कडक व्हावेत म्हणून बॉडी प्रायमर लावून महिनाभर उन्हात ठेवली, आणि भट्टीत न भाजता हवेवर वाळणारा टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून द्यायचा, रंग दिला. भट्टीत थरांमध्ये अडकलेली हवा फुगून रंगाला फोड येण्याची भीती असते.

इंजिनाबद्दल थोडेसे

इंजिन जाम होते. येणारा-जाणारा प्रत्येकजण ओम्नीचे इंजिन बसवा म्हणत असे, आणि ते सुचणे स्वाभाविक होते. ७९६ सीसीचे ते इंजिन ओम्नीत लांबीच्या दिशेने बसते, मागची चाके फिरवते आणि त्याचे भाग गल्लीबोळात मिळतात. पण आरसी बुकातील इंजिन क्रमांक बदलला की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीचे काम वाढते, शिवाय मालकांना वडिलांच्या गाडीचा आवाज हवा होता. रिलायंटचे ८४८ सीसीचे इंजिन तीनचाकी रॉबिनमध्येही वापरले गेल्यामुळे त्याची गॅस्केटे इंग्लंडमध्ये अजून मिळतात. या इंजिनाचे लाईनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) ओले असतात, म्हणजे पाणी थेट लाईनरला भिडते आणि तळच्या गॅस्केटवरच सारे अवलंबून असते. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असल्यामुळे बोअरचे क्षारयुक्त पाणी त्यात घालणे म्हणजे तो आतून खाऊ देणे. यापुढे फक्त गंजरोधक कूलंट घालायचे, हे रेडिएटरच्या टोपणावरच लिहून चिकटवले.

अर्थिंग

वायरिंगचे काम करणारा मुलगा हुशार होता, पण त्याचे सारे शिक्षण पत्र्याच्या गाड्यांवर झालेले. पत्र्याच्या गाडीत बॉडी हीच परतीची तार असते. दिव्याची एक वायर बॅटरीपासून येते आणि दुसरी जवळच्या स्क्रूवर बॉडीला लावली की काम संपते. त्याने सवयीने तसेच केले. उजवा इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवा मिणमिणायचा आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर थांबायचा. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे परतीचा रस्ता न मिळालेला प्रवाह शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढत होता. सगळी वायरिंग उलगडून बॅटरीच्या ऋण टोकापासून जाड काळी केबल पुढे व मागे नेली, दोन्ही ठिकाणी पितळी पट्टी बसवली आणि प्रत्येक दिव्याची, हॉर्नची, वायपरची आणि काट्यांची स्वतंत्र परतीची वायर त्या पट्टीवर आणली. वायरींची संख्या जवळपास दुप्पट झाली.

पेट्रोलच्या टाकीकडे विशेष लक्ष दिले. टाकी आणि तिचे धातूचे तोंड फायबरमध्ये बसलेले असले की पेट्रोल भरताना निर्माण होणारी स्थिर वीज निघून जायला मार्ग राहत नाही. म्हणून तोंडापासून टाकीपर्यंत आणि टाकीपासून चासीपर्यंत वेणीची तार जोडली. हे काम दहा मिनिटांचे होते, पण कोणी आठवण केल्याशिवाय होत नाही असे आहे.

आतील जोडणी

फायबरला थेट स्क्रू मारला तर तो धक्क्यांनी भोक मोठे करत जातो. त्यामुळे जेथे वजन येते तेथे आतून रुंद वॉशर, आणि बिजागरी व कुलपापाशी पोलादी पट्टी, रंगवून व मॅटखाली पूर्ण झाकून बसवली. मालकांच्या मुलीने पुढच्या सीटना पट्टे असावेत असा आग्रह धरला तो योग्य होता, पण पट्ट्याचे टोक फायबरच्या खांबाला लावले तर अपघातात ते खांबासकट बाहेर येईल. खालची टोके चासीला जोडली आणि वरचे टोक घेण्यासाठी चासीतून खांबाच्या आतून वर येणारी पोलादी नळी नव्याने उभी केली. तिच्यावर आठवडाभर वाद झाला. ती चासीतला बदल ठरेल का, हा प्रश्न होता. शेवटी वेल्ड न करता मूळ भोकांतच बोल्टने बसवली, जेणेकरून ती काढता येईल.

डॅशबोर्डवरची लाकडी पट्टी पुरात फुगून उकललेली होती. तिच्यावर मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून लाखेचे पॉलिश करून आणले. पॉलिश देणाऱ्या कारागिराने पट्टी हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला तो असा, की हे लाकूड वाजणार आहे की नुसते दिसणार आहे.

आरटीओ

लोक या गाडीला व्हिंटेज म्हणतात, पण कायद्याने ती अजून तशी नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या जुलैतील नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिला क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे आणि ती रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. ही गाडी त्या अर्जाला २०३४ मध्ये पात्र होईल. चासीचा हात मूळ मापाचाच ठेवण्यामागे आणि ओम्नीचे इंजिन नाकारण्यामागे हाही हिशेब होता. तोपर्यंत तिला साध्या जुन्या मोटारीसारखे पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण, त्यासाठीची तपासणी आणि पर्यावरण कर हेच लागू आहे. तपासणीत अधिकाऱ्यांनी चासी क्रमांकाची जागा विचारली, पेन्सिलीने त्याचा ठसा घेतला, ब्रेक पाहिले आणि बोनेटवर बोटाने टकटक करून हसले. मालकांना ‘व्हीए’ची पाटी आताच हवी होती, त्यांची थोडी निराशा झाली.

आजची स्थिती

गाडी २०२४ च्या फेब्रुवारीत परत सांगलीवाडीला गेली. शेड आता जोत्यावर उचललेली आहे आणि गाडीच्या मागच्या हुकाला साखळी बांधलेली असते, ती मालकांची स्वतःची सूचना. पहिल्या पावसात पुढच्या काचेच्या रबरातून पाणी आले, ते रबर बदलल्यावर थांबले. बोनेटवरचे आणि मागच्या कोपऱ्यावरचे सांधे आजवर उमटलेले नाहीत.

उजव्या बिजागरीखाली मात्र आठ महिन्यांनी केसाएवढी एक रेघ आली. मालकांनी फोन करून लांबी भरायला येता का, असे विचारले. आम्ही लांबी नेली नाही, पेन्सिल नेली. रेघेच्या दोन्ही टोकांना बारीक खूण करून शेजारी तारीख लिहिली. पुढच्या तीन महिन्यांत वरचे टोक तसेच राहिले आणि खालचे खुणेच्या पलीकडे चार मिलिमीटर गेले, म्हणजे ताण वरून, दाराच्या वजनाने नव्हे, तर खालून येतो आहे. खांबाखालचा रबराचा तुकडा काढून त्याची जाडी पुन्हा मोजायची आहे.